दोन हात रुंद कपाट

दुकानाला दार एक होतं. दारात कपाट एक होतं. कपाटाच्या आतल्या बाजूला दुकानाचे मालक रेवणप्पा एक, बाहेरच्या बाजूला त्यांचे धाकटे भाऊ शंकरप्पा एक, कपाट करणारा श्रीमंत नावाचा सुतार एक, कपाट उचलून आणणारे हमाल चार आणि सल्ला देणारी माणसं एकतीस. या एकतिसांपैकी सात जण लुगडी घ्यायला आलेली गिऱ्हाइकं होती. बाकीचे चोवीस नुसतेच आले होते.

सोलापुरातल्या चाटी गल्लीत वैशाखातल्या एका सकाळी अशी स्थिती होती. कपाट दारातून वीतभर आत गेलं होतं आणि तिथं थांबलं होतं. रेटलं तर पुढे जात नव्हतं, ओढलं तर मागे येत नव्हतं. दुकानाला मागचं दार नव्हतं. मागच्या भिंतीत एक झरोका होता, पण त्यातून मांजर ये-जा करत असे आणि रेवणप्पा मांजराच्या मापाचे नव्हते.

कपाटही साधं नव्हतं. मुंबईच्या दुकानांत हल्ली लुगडी काचेत मांडून ठेवतात, असं कुणीसं सांगितल्यापासून रेवणप्पांनी हे कपाट मनात धरलं होतं. ते चौकोनी होतं, जितकं रुंद तितकंच खोल. कमरेपर्यंत सागवानी फळ्या आणि वर चारी बाजूंनी काच. चौकोनी असल्यामुळे फिरवून आत घालण्याची सोय नव्हती आणि काचेमुळे हातोडा चालवण्याची सोय नव्हती. काच मात्र फार स्वच्छ होती. दोन काचांच्या पलीकडे रेवणप्पा छातीपासून डोक्याच्या रुमालापर्यंत अगदी स्पष्ट दिसत होते. कपाटात मांडायला आणलेला पहिला माल म्हणजे खुद्द मालकच, असं वाटत होतं.

"मालक, भाव काय लावलाय म्हनायचा?" गर्दीतून एकानं विचारलं.

"सुम्मनिरु!" रेवणप्पा आतून गरजले. चिडले की ते कानडीत गप्प बसवत. मग मराठीत वळून म्हणाले, "शंकऱ्या, त्या सुताराला पुढं आण."

श्रीमंत सुतार काचेसमोर आला. रेवणप्पांनी उजव्या हाताचं मधलं बोट त्याच्यावर रोखलं. ते बोट लहानपणी तिजोरीच्या दारात चेंगरून शेंड्याला वाकलं होतं, त्यामुळे ते श्रीमंतवर रोखलेलं असूनही शेजारच्या हमालाला आपल्यालाच बोलतायत असं वाटून तो मागे सरला.

"काय सांगितलं होतं तुला मी? किती रुंद?"

"दोन हात, मालक."

"मग केलंस किती?"

"दोन हात की! ह्यो बगा गज. अठरा इंचाचा हात, दोन हाताचं छत्तीस इंच. एक सूत इकडं न्हाय का तिकडं न्हाय." सुतारकामात इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि श्रीमंतचा त्यावर फार जीव होता.

"आणि दार किती आहे?"

"ते तुमीच मोजलंवता, मालक. दोन हात दोन बोटं म्हनलावता."

रेवणप्पा गप्प झाले, आणि बाहेरची एकतीस माणसंही गप्प झाली. अशा शांततेत माणसं हिशेब करत असतात.

त्याचं कारण असं की, रेवणप्पांचा हात चाटी गल्लीत प्रसिद्ध होता. दुकानात लोखंडी गज होता, पण तो वर ठेवलेले गठ्ठे खाली ओढायला. कापड मोजायचं ते हातानं. कोपराच्या टोकापासून मधल्या बोटाच्या शेंड्यापर्यंत एक हात, असे अठरा हात मोजले की नऊवारी लुगडं पुरं. रेवणप्पा हे इतक्या सफाईनं करत की कापड त्यांच्या हातावरून पाण्यासारखं वाहत जाई. "रेवणप्पांचा हात म्हणजे सरकारी माप," असं लोक म्हणत. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली एक रीतही ते कटाक्षानं पाळत: द्यायचं ते उजव्या हातानं. गिऱ्हाइकाला कापड मोजून देताना नेहमी उजवा हात. तो देण्यासाठी राखून ठेवलेला, म्हणून विणकरांकडून माल मोजून घेताना डावा. दुकानाचं दार तर लक्ष्मीचं. तिला डावा हात लावणं शक्यच नव्हतं. रेवणप्पांनी ते उजव्या हातानं मोजलं होतं.

शांतता पहिल्यांदा मोडली ती होटगीच्या केराबाईनं. ती पाडव्याला घेतलेलं लुगडं नेसून आणखी एक घ्यायला आली होती.

"म्हंजी बगा," ती म्हणाली, "दार दोन हातावर दोन बोटं. कपाट दोन हात. मग त्ये जाया पायजे की न्हाय?"

"जाया पायजे," हमाल म्हणाले.

"आन् जात तर न्हाय."

"न्हाय जात."

"मंग कुनाचा तरी हात आखूड हाय."

कुणाचा, ते तिनं सांगितलं नाही. सुताराच्या हातात लोखंडी गज होता. एकतीस माणसांनी काचेतून आत पाहिलं. रेवणप्पांनी उजवा हात नकळत उपरण्याखाली घेतला.

"केरा, गप बस की," तिचा नवरा कुंडलिक म्हणाला. तो होटगी स्टेशनावर रुळांच्या कामावर होता आणि आज रजा काढून आला होता.

"का गप बसू? माजा पदर काय केल्या पुरतच न्हाय. मला वाटलं, मीच जाड झाले."

यावर बायकांमध्ये कुजबुज झाली आणि दोघीतिघी आपापली लुगडी आणायला घराकडे निघाल्या. शंकरप्पांनी त्या जाताना पाहिल्या. चाळीस वर्षांचं नाव गल्लीच्या तोंडाशी वळण घेताना त्यांना दिसलं. त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि ते उलट्या दिशेला धावले.

गल्लीच्या टोकाला एका माडीवर पाटी होती: 'विरुपाक्ष हत्तुरे, बी.एस्सी., व्यावसायिक सल्लागार.' पाटी संक्रांतीला लागली होती. आतापर्यंत तीन माणसं जिना चढून आली होती. पहिल्यानं पत्रिका दाखवली, दुसऱ्यानं जीभ दाखवली आणि तिसऱ्यानं पाटीचा अर्थ विचारला. या तिसऱ्या माणसाशी विरुपाक्ष चांगला तासभर बोलला. वकिलाकडे माणूस भांडण झाल्यावर जातो, डॉक्टरकडे दुखणं आल्यावर. सल्लागाराकडे त्यानं काही होण्याच्या आधी यावं, असं त्यानं समजावलं. "पण काही झालंच नाही, तर माणूस येईल कशाला?" एवढं विचारून तो गृहस्थ जिना उतरून गेला होता. हा प्रश्न विरुपाक्ष अजून सोडवत होता.

"सल्लागार तुम्हीच?" शंकरप्पा धापा टाकत म्हणाले.

"मीच. बसा."

"बसायला वेळ नाही. आमचा अण्णा दुकानात अडकलाय. दारात कपाट अडकलंय."

"मग सुताराला—"

"सुतार आहे. त्यानंच केलंय. हमाल आहेत. सल्ला द्यायला तीस-एकतीस माणसं उभी आहेत."

"मग माझी काय गरज?" विरुपाक्षानं मनापासून विचारलं.

शंकरप्पांनी त्याच्याकडे जरा दयेनं पाहिलं. "अहो, ती सगळी फुकट सल्ला देतायत. फुकटचा सल्ला ऐकून बिघडलं की दोष ऐकणाऱ्याचा. विकतचा ऐकून बिघडलं की दोष सल्लागाराचा. एवढं कॉलेजात शिकवलं नाही का तुम्हाला?"

विरुपाक्षाला शिकवलं नव्हतं. त्यानं पोलादी फीत खिशात टाकली आणि तो निघाला. वाटेत शंकरप्पांनी त्याला सगळं सांगितलं.

"कपाट आज नाही निघालं तरी चालेल," ते शेवटी म्हणाले. "अण्णाला झरोक्यातून भाकरी देऊ. पण अण्णाचा हात आखूड नाही, हे शास्त्रानं सिद्ध झालं पाहिजे."

"सोपं आहे. हात मोजू."

शंकरप्पा रस्त्यात थांबले. "मोजायचा नाही! चाळीस वर्षं त्या हातानं पेठ मोजली. आज पेठेनं तो हात मोजायचा? अहो, मोजायची वेळ आली, यातच अर्धं नाव गेलं की!"

"पण न मोजता सिद्ध कसं करायचं?"

"ते कळत असतं तर तुमचा जिना कशाला चढलो असतो?"

दोघं पोचले तेव्हा गर्दी वाढली होती. हमाल कपाटाला टेकून बसले होते आणि मधून मधून कुणीतरी "रेटा!" म्हणालं की उठून रेटत होते. आतून रेवणप्पाही मदत करत होते.

"मालक, हाताच्या पंज्यानं न्हाय, कोपरापासनं सगळा हात टेकवा आन् रेटा!" एका फुकटच्या सल्लागारानं सांगितलं.

"मागच्या फळीला हात लावू नका, मालक!" श्रीमंत ओरडला. "रोगण ओलं हाय! काल सांजचंच दिलंय!"

पण रेवणप्पांनी दोन्ही हात कोपरापासून बोटांपर्यंत फळीवर टेकवून एकदा जोर लावला होता. हात सोडवताना फर्र असा आवाज बाहेरपर्यंत आला. नंतर ते काचेसमोर आले तेव्हा दोन्ही हात बदामी झाले होते.

विरुपाक्षानं फीत काढली. लोकांनी त्याला वाट करून दिली, कारण त्याच्या अंगात कोट होता. त्यानं दार तीन ठिकाणी मोजलं. साडेपस्तीस इंच. कपाट तीन ठिकाणी मोजलं. छत्तीस.

"अर्धा इंच," तो म्हणाला.

"त्ये आमाला दिसतंयच की," केराबाई म्हणाली. "तुमी हात किती, त्ये सांगा."

"हात म्हणजे अठरा इंच."

"आन् इंच कुनाचा?"

"इंच कुणाचा नसतो, बाई. तो ठरलेला असतो."

"ठरवला कुनी?"

"विलायतेत."

"त्येंचा हात कुटं आपल्यासारखा हाय?" केराबाई म्हणाली, आणि हे सगळ्यांना पटलं.

एवढ्यात घरी गेलेल्या बायका लुगडी घेऊन परत आल्या. केराबाईनं त्यातलं एक उचललं आणि भर रस्त्यात मोजायला सुरुवात केली. सगळी गल्ली मोठ्यानं आकडे म्हणू लागली. अठरा झाले, एकोणीस झाले, तरी पदर हातात उरला होता.

"एकोणीस हात आन् वर वीतभर!" केराबाईचे डोळे मोठे झाले. "अगं बया, मालकानं जास्तच दिलंय की!"

काचेआड रेवणप्पांची छाती रुमालाजवळ पोचली. पण कुंडलिकला हे पटलं नाही. "आण हिकडं. बायामानसाचा हात बारका असतुया," असं म्हणून त्यानं तेच लुगडं आपल्या हातानं मोजलं. रूळ उचलणारा हात होता तो. सोळावर लुगडं संपलं.

"सोळा! दोन हात गायब!"

"तुमचा हात हाय का बैलाचं जू!"

"आन् तुजा हाय का उलथनं!"

एकच लुगडं एका टोकाला एकोणीस हात आणि दुसऱ्या टोकाला सोळा हात असं नवराबायकोंमध्ये ताणलं गेलं. दोघांनीही मान वळवून विरुपाक्षाकडे पाहिलं. "तुमी सांगा आता. तुमी सल्लागार हाय न्हवं?"

विरुपाक्षानं फीत पुढे केली. शंकरप्पांनी त्याचा कोट मागून ओढला. विरुपाक्षानं फीत मागे घेतली आणि लुगड्याचा काठ बोटांत धरून पाहिला.

"हे धुतलंय का?"

"चार-पाच बारी," ज्या बाईचं लुगडं होतं ती म्हणाली.

"सुती कापड पाण्यात आटतं. किती आटलं ते आता सांगता येणार नाही. पुरावा म्हणून हे लुगडं बाद."

"बाद!" शंकरप्पा मोठ्यानं म्हणाले. "शास्त्रानं बाद!"

"आटतं म्हने," गर्दीच्या कडेला बसलेली नागम्मा हसून म्हणाली. तिच्या घरी दोन हातमाग होते आणि ती लुगड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन रेवणप्पांना माल द्यायला आली होती. "आमचा माल तर धुतल्याबिगर आटतुया. घरी मोजली की अठरा हात. अण्णाच्या दुकानात मोजली की साडेसतरा. रस्त्यातल्या रस्त्यात आटतुया बगा."

"उन्हानं," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. नागम्माही हसली आणि तिनं गाठोड्याला टेकून पाय पसरले.

विरुपाक्ष पुन्हा दाराकडे वळला. कपाट जिथं घुसलं होतं, तिथं चौकटीवरचा रंग खरवडला गेला होता. तो वाकला आणि बराच वेळ वाकून राहिला. खरवडलेल्या जागी रंगांच्या थरांवर थर दिसत होते: वर तांबडा, त्याखाली हिरवा, मग पुन्हा तांबडा, मग पिवळा, गेरू, चुना. कापलेल्या कांद्यासारखे.

"ही चौकट रंगवता कधी?" त्यानं विचारलं.

"दर दिवाळीला," शंकरप्पा म्हणाले. "पाडव्याच्या आदल्या दिवशी. वडिलांपासूनची रीत."

"आधीचा रंग काढून?"

"शुभ रंग काढायचा कशाला? त्यावरच."

विरुपाक्षानं फितीचं टोक थरांवर टेकवलं. एका बाजूला तीन सूत. दुसऱ्या बाजूलाही तीन सूत. त्याचा चेहरा परीक्षेत पाठ असलेला प्रश्न समोर आल्यासारखा उजळला. तो सरळ उभा राहिला.

"दोन्ही बाजूंचा रंग मिळून पाऊण इंच आहे. रंगाखालचं खरं दार सव्वाछत्तीस इंचांचं आहे. कपाट छत्तीस इंचांचं आहे. रंग खरवडा, कपाट आत जाईल."

गल्लीत जयजयकार झाला. "म्हंजी दारच आखडलंवतं!" "हात बरोबर, दार चूक!" काचेआड रेवणप्पांनी उजवा हात उपरण्याबाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा डोक्यावरच्या रुमालावरून फिरवला.

फक्त श्रीमंत सुतार कपाळाला आठ्या घालून गजाकडे बघत होता.

"पर सायेब," तो म्हणाला, "मालकांनी दार मोजलं त्ये गेल्या म्हैन्यात. रंग तर तवाबी व्हताच की."

हमालांनी खरवडायला उचललेल्या पटाश्या खाली ठेवल्या.

हे विरुपाक्षाला श्रीमंतच्या आधीच कळलं होतं. दार साडेपस्तीस. त्यात रेवणप्पांचे दोन हात आणि दोन बोटं. दोन बोटं सव्वा इंच धरली, तर दोन हात सव्वाचौतीस उरतात. म्हणजे एक हात सतराच्या थोडासा वर. आकडा सरळ होता. त्यानं मान वर केली. काचेपलीकडे रेवणप्पा उभे होते. आता बोट रोखलेलं नव्हतं. चाळीस वर्षं ज्यांनी गल्लीला माप दिलं, ते दोन्ही बदामी हात छातीशी धरून एका पंचविशीच्या पोराच्या तोंडाकडे बघत होते. विरुपाक्षाला ते वाकडं बोट दिसलं. बिचाऱ्याला आपलं बोट इंचभर कमी पडतं हे बहुधा कधी कळलंही नसेल, असं त्याच्या मनात आलं.

"शंकरप्पा," तो हळू म्हणाला, "खरं सांगायचं तर—"

"तुमच्याकडं सल्ला मागितलाय," शंकरप्पा त्याच्याहून हळू म्हणाले. "साक्ष नाही."

विरुपाक्षानं घसा साफ केला. खोटं बोलायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं होतं. त्यानं आपल्याला माहीत असलेलं, कुणालाही नाकारता येणार नाही असं एक सत्य शोधलं.

"उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"म्हणजे तापलं की फुगतं. हा शास्त्राचा नियम आहे."

किती फुगतं, ते त्यानं सांगितलं नाही. पाऊण इंच रंग महिनाभराच्या उन्हानं केसाच्या विसाव्या भागाइतका फुगेल का, याबद्दल त्याला शंका होती. पण कुणी विचारलंच नाही. उलट कुंडलिक पुढे आला.

"हे मातर खरं हाय!" तो म्हणाला. "होटगीला रुळाच्या सांध्यात आमी बोटभर फट ठेवतो, ती काय उगीच? वैशाखात रूळ फुगून एकमेकांला भिडतुया. लोखंड फुगतुया, तर रंगाचं काय घिऊन बसलाव!"

"मागल्या म्हैन्यात एवडं ऊन कुटं व्हतं?" हमाल म्हणाला.

"माजी बांगडी उन्हाळ्यात घट हुती," केराबाई म्हणाली.

"बांगडी न्हाय, तुजा हात फुगतुया."

"मंग हातबी फुगतुयाच की न्हाय!"

पुढचं सगळं गल्लीनंच सिद्ध केलं. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव, देवळाची घंटा, कुणाच्या तरी सासऱ्याचा गुडघा, अशी एकामागून एक प्रमाणं पुढे आली. विरुपाक्षाला पुन्हा तोंड उघडावं लागलं नाही. श्रीमंतनं थोडा वेळ डोकं खाजवलं. मग "आमी काय, अडाणी मानूस," असं म्हणून त्यानं पटाशी उचलली.

खरवडायला सगळे लागले. पटाश्या कमी पडल्या, तेव्हा शेजारच्या घरांतून उलथनी आली. कितीतरी दिवाळ्यांचा रंग गल्लीभर सांडला. मग चार हमाल, कुंडलिक आणि ज्यांना ज्यांना हात टेकवायला जागा मिळाली ते सगळे एका सुरात "हां!" म्हणाले आणि कपाट सरकन आत गेलं. इतकं सरकन, की रेवणप्पा त्याच्या पुढे पुढे उलट्या पावलांनी जाऊन गादीवर बसते झाले.

त्यानंतर दुकानात जी गर्दी झाली तशी दसऱ्यालाही होत नसे. काचेचं कपाट बघायचं होतं आणि शास्त्रानं पास केलेल्या हातानं लुगडं मोजून घ्यायचं होतं. रेवणप्पांनी घासलेटानं हात पुसले, घंगाळातल्या पाण्यानं धुतले आणि ते मांडी ठोकून बसले. केराबाईनं दोन लुगडी घेतली. कापड उजव्या हातावरून पाण्यासारखं वाहत होतं.

"मोजा, मालक, मोजा," ती म्हणाली. "आता काय, सरकारी शिक्का बसलाय."

तिच्यामागून नागम्माचा नंबर लागला. तिनं गाठोडं सोडलं. रेवणप्पांनी उजवा हात उपरण्यात घेतला, डावा पुढे केला आणि तिचं लुगडं मोजलं.

"साडेसतरा," ते म्हणाले.

"आटलंच व्हय परत?" नागम्मा म्हणाली. "आता तर शास्त्र निघालंय. उन्हात फुगतुया म्हने सगळं. मग आमचंच का आटतुया?"

"कापड आटतं, रंग फुगतो," रेवणप्पा शांतपणे म्हणाले. "सायबांनी आत्ताच सांगितलं. दोन्ही सांगितलं. व्हय का नाही, सायेब?"

विरुपाक्षानं दोन्ही सांगितलं होतं. नागम्मानं साडेसतराचा दाम पदरात बांधला आणि रिकामं फडकं झटकून ती निघून गेली.

"आता तुमची दक्षिणा," रेवणप्पा म्हणाले. "कोटाला कापड देतो. पाच वार. अस्सल." त्यांनी ठाण उलगडलं आणि उजव्या हातानं दहा हात मोजले. शेवटचा हात मोजताना ते जरा थांबले, आणि वर दोन बोटं जास्त सोडून त्यांनी कात्री लावली. "फुगायला," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले.

कापड बांधून होईपर्यंत विरुपाक्ष नव्या कपाटाभोवती फिरत होता. पाहण्याची त्याला सवय होती. पुढून काचेत हमाल लुगडी मांडत होते. तो मागच्या बाजूला गेला. तिथं भिंत आणि कपाट यांच्यामध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा होती. मागच्या फळीवरचं रोगण आता वाळलं होतं. त्यावर कोपराच्या टोकापासून मधल्या बोटाच्या शेंड्यापर्यंत दोन हातांचे ठसे शेजारी शेजारी उमटले होते, प्रत्येक रेष दिसेल इतके स्वच्छ.

"सायेब, पुडकं तयार!" शंकरप्पांनी हाक मारली.

"आलो," विरुपाक्ष म्हणाला.

त्यानं खिशातून फीत काढली, उजव्या ठशाला लावली, मग डाव्या ठशाला लावली, आणि खात्रीसाठी दोन्हींना पुन्हा एकदा लावली.

उजवा: सतरा इंच एक सूत. डावा: अठरा इंच चार सूत.